मदत हवी आहे : नागपुरात मिडियम वेव्हवर दूरची केंद्रे ऐकताना ५८५ किलोहर्ट्झवरील स्थानिक केंद्राची ढवळाढवळ कशी कमी करावी?

नमस्कार. रात्री मिडियम वेव्हवर दूरची केंद्रे ऐकण्याचा मला छंद आहे. आकाशवाणी नागपूरचे ‘अ’ केंद्र ५१२.८ मीटर, म्हणजे ५८५ किलोहर्ट्झवर, ३०० किलोवॉट शक्तीने प्रक्षेपण करते. शहरात ते दणदणीत लागणारच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अडचण अशी, की मला हवी असलेली दोन केंद्रे त्याच्या अगदी शेजारी, ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर आहेत : खाली ५७६वर आलप्पुळा आणि वर ५९४वर कोलकात्याहून होणारी ‘मैत्री’ सेवा. दोन्हींवर नागपूरच्या आवाजाचे फाटके, चरचरणारे तुकडे येऊन आदळतात. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८वर असल्यामुळे मात्र पुष्कळ सुसह्य ऐकू येते.

माझा रेडिओ ४५५ किलोहर्ट्झ आय. एफ.चा (म्हणजे आलेली लहर ज्या ठरावीक मधल्या कंप्रतेवर आणली जाते ती) जुना संच असून त्याला खिडकीबाहेर सोडलेली एक तार जोडलेली आहे. रायपूरच्या ९८१वरही मला कधी कधी नागपूरचे बोलणे ऐकू येते, आणि १५६६मधून ५८५ वजा केले तर नेमके ९८१च उरतात. त्यामुळे आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपूरहून १९८८मध्ये सुरू झालेले १००० किलोवॉटचे १५६६ किलोहर्ट्झचे प्रक्षेपण चालू असताना या दोन लहरींची सरमिसळ माझ्या संचातच होत असावी. तार आखूड केली की रायपूर थोडे मंदावते, पण त्यावरचे नागपूर जवळजवळ नाहीसे होते, यावरूनही तेच दिसते; ते बाहेरूनच ९८१वर येत असते, तर दोन्ही सारखेच मंदावले असते. या दुखण्यावर तारेच्या वाटेत ट्रॅप, म्हणजे एकच लहर अडवणारे मंडल, बसवण्याचा उपाय मला पटतो : २५० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर गँग कंडेन्सर (फिरवून कमीजास्त करता येणारा), जो सुमारे ३०० पिकोफॅरडला आणला की ५८५ अडते.

शेजारच्या दोन केंद्रांना मात्र या ट्रॅपचा फारसा उपयोग होईल असे वाटत नाही, कारण नागपूरच्या साइडबँडचा, म्हणजे मूळ लहरीच्या दोन्ही बाजूंना पसरणाऱ्या आवाजाच्या पट्ट्याचा, जो भाग प्रत्यक्ष ५७६ किंवा ५९४च्या हद्दीत पडतो, तो कोणत्याही फिल्टरने वेगळा काढता येणार नाही. तेथे फक्त दिशेचाच आधार उरतो. तार काढून ठेवून संचातील फेराइट दांडीचे (आतल्या अँटेनाचे) टोक प्रक्षेपकाच्या रोखाने केले, की नागपूर चांगलेच दबते आणि कोलकाता पूर्वेला असल्यामुळे ‘मैत्री’ बऱ्यापैकी मोकळी होते. (भिंतीतील वायरिंगजवळ संच ठेवला तर हा परिणाम बोथट होतो, म्हणून टेबल खोलीच्या मध्यभागी घ्यावे लागते.) आलप्पुळाच्या बाबतीत हा उपाय फसतो, कारण माझ्या घरापासून प्रक्षेपक जवळपास उत्तरेला येतो आणि आलप्पुळा दक्षिणेला. दांडीला पुढची आणि मागची बाजू सारखीच असल्याने नागपूरबरोबर तेही बुडते.

लूप अँटेनाच्या (तारेच्या वेढ्यांच्या चौकटीच्या) जोडीला उभी तार घेऊन दोन्हींचे सिग्नल योग्य प्रमाणात आणि योग्य फेजमध्ये (लहरींचे चढउतार योग्य तऱ्हेने जुळवून) मिळवले, तर एकाच बाजूचे ग्रहण बंद करता येते, असे मी वाचले आहे. माझे प्रश्न त्याबद्दल आहेत. तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये, जेथे चांगले अर्थिंग मिळत नाही, तेथे उभ्या तारेचा सिग्नल पुरेसा स्थिर राहतो का? मिश्रण सांभाळण्यासाठी साधा पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रोध) पुरतो, की उभ्या तारेसाठी वेगळा एफईटी बफर (तारेवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारे ट्रान्झिस्टरचे मंडल) लावावाच लागतो? आणि दिवसा ५८५वर जुळवून ठेवलेली ही बाजू रात्री आलप्पुळा ऐकताना तशीच टिकते, की पुन्हा जुळवावी लागते? नागपूरचा सिग्नल माझ्याकडे जमिनीलगतच्या लहरीने येत असल्यामुळे ती टिकावी असा माझा अंदाज आहे, पण ज्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांनी कॉइलचे वेढे, लूपचा आकार आणि तारेची लांबी यांसह कळवावे, ही विनंती.