मदत हवी आहे: स्टिअरिंग रॅक बदलायचा की नुसता बुश?

नमस्कार मंडळी, प्रश्न स्टिअरिंग रॅकचा आहे, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणाऱ्या दातेरी दांड्याचा. गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगवाली. पुण्यात धायरीच्या गल्ल्यांत कमी वेगात खड्डा आला की डावीकडून खटखट येते, हातालाही जाणवते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध सैल, वळवल्यावर मात्र घट्ट.

लिंक रॉड (सस्पेंशनचे छोटे जोडदांडे) बदलून झाले, आवाज जागच्या जागी. मग गाडी चाकांवर उभी ठेवून भावाला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला लावलं आणि रॅकच्या रबरी बूटवर हात ठेवला. खटका तिथेच लागतो. बाहेरचे टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणाऱ्या दांड्यांची चाकाकडची टोकं) ठीक वाटतात. आता हा त्याच दांड्याचा रॅककडचा, आतला बॉल जॉइंट की रॅकचा बुश (रॅकला आधार देणारी कडी), हे न खोलता कसं ओळखायचं?

एक मेकॅनिक म्हणतो, ॲडजस्टर (रॅकच्या दातांतला सैलपणा कमी करणारा स्क्रू) आवळू. मला पटत नाही. झीज मधल्या दातांत असली तर तिथे आवळलेला रॅक पूर्ण वळणावर जाम व्हायचा. दुसरा थेट नवा रॅकच सांगतो.

नाना पेठेतून नवा घ्यावा की रिकंडिशन केलेला टिकतो? काम करताना स्टिअरिंग लॉक करून ठेवणारा (नाहीतर क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमधल्या एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी, तुटायची) आणि नंतर चाकांची अलाइनमेंट न विसरणारा कुणी सिंहगड रोडकडे असेल तर सांगा. लांब वाकडला जायची हिंमत नाही.