तेविसाव्या वर्षी वार्धक्यरोधक प्रसाधने सुरू करावीत काय?

प्रश्न – म्हापशाची वाचक

नमस्कार. माझे वय २३ असून मी म्हापशाला राहते आणि पणजीतील एका कार्यालयात नोकरी करते. ये-जा स्कूटरने होते. सकाळी पर्वरीवरून जाताना ऊन डाव्या बाजूने लागते, संध्याकाळी परततानाही ते डाव्याच गालावर येते, आणि कार्यालयात माझे टेबल पश्चिमेच्या खिडकीलगत असल्यामुळे दुपारभर तीच बाजू उजेडात असते. गेल्या काही महिन्यांत डाव्या गालाच्या हाडावर त्वचा किंचित काळवंडलेली दिसू लागली आहे.

ओळखीच्या ब्यूटी पार्लरमधील ताईंनी सुचविले की पंचविशीनंतर त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन घटू लागते, म्हणून आताच रेटिनॉलचे (अ जीवनसत्त्वाच्या एका रूपाचे) सीरम, क जीवनसत्त्वाचे सीरम, डोळ्यांखालचे क्रीम आणि पाण्यात घालून पिण्याची कोलॅजेन पावडर असा संच सुरू करावा. आईचे म्हणणे असे की या वयात हे सारे थेर आहेत. मला सुरकुत्या नाहीत, मुरुमेही अधूनमधूनच येतात. खरोखर आवश्यक काय आणि केव्हापासून, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – त्वचारोगतज्ज्ञ, मडगाव

पार्लरमधील ताईंनी कोलॅजेनविषयी सांगितले ते खोटे नाही. प्रौढ वयाच्या सुरुवातीपासून ते दरवर्षी साधारण एक टक्का घटत जाते. परंतु चेहऱ्यावर जे वार्धक्य दिसते, त्यातील फार मोठा वाटा वयाचा नसून उन्हाचा असतो, आणि त्या उन्हावरचा उपाय आपल्याला सुचविलेल्या संचात मुळी नाहीच, याचे मला नवल वाटले.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना दररोज सनस्क्रीन लावण्यास सांगितले होते, त्यांच्या त्वचेचे वार्धक्य मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्के कमी आढळले. त्याच अभ्यासात बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांचा मात्र काहीही उपयोग दिसला नाही. ते लोक बहुतांशी गोऱ्या त्वचेचे होते, हे लक्षात ठेवावे. आपल्या सावळ्या त्वचेवर सुरकुत्या उशिरा पडतात आणि त्याआधी रंग बिघडतो, म्हणजे डाग आणि वांग आधी दिसतात. आपण सांगितलेली डाव्या गालाची खूण कदाचित त्याच जातीची असेल, परंतु ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरविता येणार नाही.

संध्याकाळी पाचनंतरच्या उन्हापेक्षा मला आपल्या खिडकीची चिंता अधिक वाटते. अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारे ‘बी’ किरण साध्या काचेत बऱ्याच अंशी अडतात, पण खोलवर जाऊन कोलॅजेन मोडणारे ‘ए’ किरण काचेतून आणि ढगांतूनही आत येतात. २८ वर्षे मालवाहू गाडी चालविणाऱ्या एका अमेरिकन माणसाचे छायाचित्र २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू सुरकुत्यांनी जाड झालेली होती आणि उजवी त्या मानाने बरीच कोवळी दिसत होती.

सबब, पहिली खरेदी सनस्क्रीनची करावी. एस.पी.एफ. ३० किंवा ५० असावा आणि वेष्टनावर ‘पी.ए.’पुढे किमान तीन अधिक चिन्हे असावीत, कारण एस.पी.एफ. हा आकडा मुख्यतः ‘बी’ किरणांपुरता असतो, ‘ए’ किरणांपासूनचे संरक्षण ‘पी.ए.’ दाखविते. तर्जनी आणि मधले बोट यांवर लांबीभर काढलेल्या दोन रेघा, एवढे चेहरा आणि मान यांना लागते. रोज एकदा या मापाने लावले तर ५० ग्रॅमची नळी दीड महिन्याच्या आत संपली पाहिजे. ती चार महिने पुरत असेल तर वेष्टनावरचे संरक्षण आपल्याला मिळत नाही असे समजावे.

रेटिनॉलला माझा विरोध नाही. त्याच कुळातील ट्रेटिनॉइन हे औषध १९७० च्या दशकापासून मुरुमांसाठी वापरले जाते आणि उन्हाने जून झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिला गेला. सौम्य असलेले रेटिनॉल त्वचेत गेल्यावर त्याच रेटिनॉइक आम्लात रूपांतरित होते. पण सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी पडते, लाल होते, सालपटे निघतात, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर अशी जळजळ झाली की मागे काळे डाग राहतात. डाग टाळण्यासाठी घेतलेली वस्तू डाग देऊन जाते, असे प्रकार बाह्यरुग्ण विभागात नित्य दिसतात. हौस असेलच तर सनस्क्रीनची सवय पक्की झाल्यावर, कमी तीव्रतेचे, आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढेच लावावे. गरोदरपणात किंवा तसा विचार असताना मुळीच लावू नये.

क जीवनसत्त्वाचे सीरम आपल्याकडील उकाड्यात लवकर खराब होते. ते तपकिरी झाले की टाकून द्यावे. डोळ्यांखालचे क्रीम म्हणजे बहुतेक वेळा लहान बाटलीतले महाग मॉइश्चरायझर असते. कोलॅजेन पावडरीच्या बाजूने जे प्रयोग दाखविले जातात, त्यांपैकी पुष्कळसे उत्पादकांच्या पैशाने झालेले आहेत. हे पैसे वाचवावेत.

उत्तर – डिचोलीची काकू

मुली, तुझ्या आईचे निम्मे बरोबर आहे. आमच्या पिढीने तोंडाला खोबरेल, दिवाळीला उटणे आणि टाचांच्या भेगांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल) याच्यापलीकडे काही लावले नाही. तरीही डॉक्टरांचे म्हणणे मला पटते, कारण ते मी घरातच पाहिले आहे. माझ्या सासूबाई जन्मभर शेतात लावणी-कापणीला वाकल्या. त्यांचा चेहरा आणि मानेचा मागचा भाग चिरांनी भरलेला होता, पण अंघोळीच्या वेळी चोळीखालचा दंड दिसे तो चाळिशीच्या बाईसारखा गुळगुळीत. वय दोघांचेही एकच, तेलही एकच.

मात्र इतके पैसे घालविण्याआधी छत्री, पूर्ण बाह्यांचा कुडता आणि वेळेवर झोप यांचाही विचार कर. आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ नकोस. त्याने आमच्या शेजारच्या मुलीच्या गालावर भाजल्यासारखा चट्टा उठला होता.

उत्तर – औषधविक्रेता, फोंडा

वरील दोन्ही उत्तरांत एक धोका राहून गेला, म्हणून लिहीत आहे. दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक ‘डाग घालविणारे’ क्रीम नावानिशी मागते आणि त्यात बहुधा स्टिरॉइड असते. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून माणूस खूश होतो. पुढे त्वचा पातळ पडते, लालसर शिरा दिसू लागतात, पुरळ येते, आणि क्रीम थांबविले की आग होते, म्हणून ते सुटत नाही. २०१८ साली अशी बरीच स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई झाली, तरी मागणी थांबलेली नाही. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांपैकी कोणतेही नाव नळीवर दिसले तर ते स्वतःच्या मनाने चेहऱ्यावर लावू नये. ट्रेटिनॉइनलाही चिठ्ठी लागते. ज्या डबीवर घटकद्रव्ये व उत्पादकाचा पत्ताच छापलेला नाही, तिला तर हातही लावू नये. अशा काही क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडाला अपाय करतो.

म्हापशाची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संच घेण्याचा बेत तूर्त रद्द केला आहे. एक अडचण उरते. हेल्मेटखाली घाम येऊन सनस्क्रीन डोळ्यांत उतरते आणि डोळे चुरचुरतात. शिवाय चेहरा पांढुरका दिसतो. पावसाळ्यात तरी वगळले तर चालेल काय?

त्वचारोगतज्ज्ञ, मडगाव

पावसाळ्यात ते वगळू नये. जून ते सप्टेंबर आकाश भरलेले असले तरी ‘ए’ किरण येतच असतात. मुसळधार पावसात घरीच बसणार असाल, तेवढा दिवस सोडावा. दमट हवेत दाट मलमाऐवजी जेलसारखे, पाण्याने सहज न धुपणारे सनस्क्रीन घ्यावे, घरातून निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी लावावे, आणि कपाळावर भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून तिथे हेल्मेटची सावली पुरेशी मानावी. पांढुरकेपणासाठी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन पाहावे. सावळ्या त्वचेवर साध्या दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात आणि हे ऑक्साइड तो प्रकाश अडविते, त्यामुळे आपल्या गालासाठी तेच अधिक योग्य ठरेल. दुसरा थर जेवणाच्या सुट्टीत, खिडकीपाशी परत बसण्याआधी लावावा, आणि शक्य असेल तर पडदा ओढावा. तीन महिन्यांत डाग फिका झाला नाही किंवा पसरला, तर त्वचारोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवावे.