मदत हवी आहे: कपाटामागचा आकडा कॅटलॉगशी जुळत नाही

खटपट्या
खणांचं बुटकं फ्रेंच कपाट आहे, महालातून विकलं गेलेलं. पाठीवर काळ्या शाईत स्टेन्सिलने तीन आकडे आणि दोन अक्षरं. त्या आकड्याचा लॉट (लिलावात एका नंबराखाली विकलेली वस्तू) लिलावाच्या कॅटलॉगमध्ये काढला तर चिनी फुलदाणी निघते! पुढे काय करू? हे कपाट तिथलंच का, याचं टिपण लवकर द्यायचंय.

पानसुपारी
कोणता महाल? कोणता लिलाव?

खटपट्या
हॅमिल्टन पॅलेस, स्कॉटलंड. लिलाव तोच, ख्रिस्तीज या लिलावगृहाचा.

दस्तऐवज
'तोच' म्हणजे कोणता? मोठे दोन झाले. १८८२ चा १७ जूनला लंडनमध्ये सुरू झाला. १७ दिवस बोली, २,२१३ लॉट, एकूण ३,९७,५६२ पौंड. उरलेल्या सामानाचा लिलाव १९१९ मध्ये, त्यानंतर महाल पाडला. वर्ष ठरल्याशिवाय कॅटलॉग उघडून उपयोग नाही.

आणि स्टेन्सिल म्हणजे लॉट नंबर नव्हे. माल लिलावगृहात येतो तेव्हाचा तो जमा नंबर. त्यावरून विक्री कोणती हे त्यांच्या जुन्या दफ्तरातच कळतं. छापाचा सरळ समोरून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढ आणि त्यांच्या अभिलेखागाराला पाठव.

रंधा
कागद नंतर. आधी संगमरवर उचला (दोघांनी, आडवा न धरता उभा धरून, आडवा धरला तर मधोमध तडकतो) आणि कोपऱ्याच्या खांबांचे माथे बघा. तिथे कारागिराच्या नावाचा ठसा आणि शेजारी जे.एम.ई. असेल तर पॅरिसच्या फर्निचर कारागिरांच्या संघाचा माल.

दस्तऐवज
ठशाने कारागीर कळेल, महाल कसा कळणार? शिवाय राजाच्या थेट नोकरीतल्या कारागिरांना ठशाची सक्ती नव्हती, आणि खोटे ठसे मागाहून मारलेले भरपूर सापडतात.

रंधा
मान्य, पण कारागीर कळला तर २,२१३ लॉट चाळावे लागत नाहीत. फ्रेंच दरबाराचा कारागीर रिझनर, त्याचं असेल तर शोध किती आटोपतो बघा. फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेतची त्याची काळ्या-सोनेरी जपानी लाखेची जोडी, उभं लेखन-कपाट आणि खणांचं कपाट, याच महालातून गेली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, १९२० च्या व्हँडरबिल्ट मृत्युपत्रातून आलेली.

पॉलिशवाला
किडीची भोकं असतील तर आधी उणे ३० अंशांवर तीन दिवस गोठवा.

रंधा
किडीचं कुणी विचारलंय? आणि लाख किंवा जडावकाम असलेली वस्तू तज्ज्ञाशिवाय गोठवायची नाही. लाकूड आणि वरचा थर वेगवेगळे आकसले की पापुद्रे सुटतात.

पॉलिशवाला
बरं, मग छाप पुसट असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवा, उठून दिसेल.

दस्तऐवज
अजिबात नको! उठणार नाही, निघून जाईल. तिरका प्रकाश टाकून फोटो काढा, नाहीतर अवरक्त (इन्फ्रारेड) फोटो. शाईत काजळी असेल तर त्यात ती गडद येते.

पानसुपारी
मापं? खण किती? पितळी काम कसलं?

खटपट्या
रुंदी ४८ इंच, खण तीन, वर पांढरा संगमरवर. १८८२ च्या कॅटलॉगमध्ये साधारण असंच एक आहे, पण ५० इंच आणि संगमरवर करडा. म्हणजे ते नाही ना?

दस्तऐवज
एवढ्यावरून बाद करू नकोस. माप कधी संगमरवरासकट घेतलेलं असतं, कधी लाकडाचंच. संगमरवर हमखास फुटतो आणि बदलला जातो. खणांची संख्या, जडावाची नक्षी आणि पितळी साच्यांचा विषय (मेंढ्याचं डोकं, माळा, जे असेल ते) जुळव.

त्याच वर्षी किमती आणि खरेदीदारांची नावं छापलेला सचित्र कॅटलॉग निघाला, तो घे. नावं बरीचशी दलालांची आहेत: डेव्हिस, वेर्टहायमर वगैरे. दलाल म्हणजे मालक नव्हे, तो कुणासाठी घेत होता ते पुढच्या विक्रीच्या कॅटलॉगांत शोधावं लागतं. वस्तू १८८२ ला गेलीच नसेल तर १९१९ च्या 'कंट्री लाइफ' साप्ताहिकातले महालाच्या दालनांचे फोटो बघ. काही सामान तर विकलंच नाही, हॅमिल्टन घराण्याकडे, त्यांच्या लेनक्सलव्ह या वाड्यात आहे.

पानसुपारी
भिंतींचं लाकूडकामही विकलं होतं ना? जेवणाच्या दालनाचं बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे.

खटपट्या
भिंती नकोत, कपाट हवंय. खालच्या फळीवर दुसराही एक छाप दिसतोय, वेगळी अक्षरं. हे सांगायचं राहिलं.

दस्तऐवज
हे पहिल्या ओळीत हवं होतं! दोन छाप म्हणजे बहुधा दोनदा लिलावगृहात येऊन गेलं. दोन्हींचे फोटो एकाच पत्रात पाठव, कुठला कुठे आहे तेही लिही. आणि पाठीची फळी नंतर बदललेली नाही ना, ते आधी बघ: खिळे चौकोनी (जुने) की गोल (नंतरचे)?