पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही; तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू होतो

प्रश्न
सहा वर्षांचा डेस्कटॉप. ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बीप नाही, कीबोर्डचा नम लॉकही लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू होतो. तेव्हा तारीख चुकलेली असते आणि एफ१ दाबायला सांगतो. मग दिवसभर सुरळीत, बंद करून लगेच चालू केला तरी अडत नाही. मॉनिटर आणि केबल बदलून पाहिली. मदरबोर्ड गेला का?

उत्तर १
इतक्यात मदरबोर्डवर खापर फोडू नका. तारीख जाते म्हणजे सीमॉसचा सेल (मदरबोर्डवर घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा सेल) संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो, २.७ च्या खाली भरला तर बदला. त्याआधी बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंगचे फोटो काढून ठेवा, विशेषतः बूट मोड यूईएफआय आहे की लेगसी, आणि डिस्कचा साटा मोड. ते बदलले तर डिस्प्ले येईल, पण विंडोज उठणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

उत्तर २
सेल बदलाच, पण डिस्प्लेचं दुखणं त्याने जाईल असं वाटत नाही. बहुतेक बोर्ड मेलेल्या सेलवरही सुरू होतात. शिवाय भिंतीवरचं बटण चालू असेल तर घड्याळ एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) ५ व्होल्ट स्टँडबायवर, म्हणजे पीसी बंद असतानाही चालू राहणाऱ्या पुरवठ्यावर चालतं. म्हणजे रात्री तुम्ही ते बटण बंद करत असणार.

खरी खूण वेगळी आहे: थंड असताना अडतो, तापल्यावर नाही. एसएमपीएसमधले जुने कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असेच वागतात. पंखे १२ व्होल्टवर फिरतात, तो थोडा कमी असला तरी त्यांना फरक पडत नाही. प्रोसेसर मात्र ‘पॉवर गुड’ (पुरवठा ठीक आहे असं एसएमपीएसने सांगणारा) सिग्नल येईपर्यंत रीसेटमध्येच अडकून राहतो. म्हणून पंखे फिरले म्हणजे पॉवर ठीक, हा समज सोडा.

प्रश्नकर्ता
हे मोजायचं कसं? आणि रॅम खोडरबरने पुसू का?

उत्तर २
सकाळी, मशीन थंड असतानाच मोजा. मल्टिमीटर डीसी २० वर, काळी प्रोब काळ्या वायरवर, लाल प्रोब २४ पिनच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने. दोन पिना एकमेकींना टेकू देऊ नका. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट हवी. राखाडी म्हणजे पॉवर गुड. बटण दाबल्यावर अर्ध्या सेकंदात ती ५ च्या आसपास गेली पाहिजे. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, पिन क्रमांक पाहा: राखाडी म्हणजे ८.

उत्तर ३
खोडरबर हलक्या हाताने चालेल, पॉलिश पेपर अजिबात नको. सोन्याचा थर फार पातळ असतो. रॅमचा संशय फेडायला एकच पट्टी लावून पाहा. चार स्लॉट असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. आणि बोर्डला छोटा स्पीकर जोडून, रॅम न लावता चालू करा. बीप आले तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत.

प्रश्नकर्ता
सेल २.१. थंड असताना पिवळी ११.१, राखाडी ०.३ वरच. चौथ्या वेळी पिवळी ११.८ आणि राखाडी ४.९.

उत्तर २
एसएमपीएस बदला, सेलही. जुना उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतो. नवा मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर जुन्याच्या केबल त्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना प्रत्येक मॉडेलची वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते.