कांद्याचं निर्यातशुल्क, कापसाचं आयातशुल्क: व्यंगचित्रात दाखवायचं कसं?

रेघोटी:
कृषी साप्ताहिकासाठी दोन कॉलमी, काळी-पांढरी दोन व्यंगचित्रं करायची आहेत. एक ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर लागलेल्या 40 टक्के निर्यातशुल्कावर, दुसरं ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं त्यावर. कच्च्या आराखड्यात दोन्हीकडे 'शुल्क' लिहिलेली भिंत आहे आणि तिच्यापुढे डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी. पण दोन्ही चित्रं एकच वाटतात, अर्थ पोचत नाही. काय बदलू?

खळ्यावरचा:
भिंत दोन्हीकडे चालणारच नाही. आयातशुल्क ही शेतकऱ्याच्या बाजूने उभी असलेली भिंत. कापसाच्या चित्रात ती पाडली जातेय, पलीकडून परदेशी कापसाच्या गाठी आत येतायत आणि शेतकरी आतल्या बाजूला उभा आहे, असं हवं. तेही नव्या हंगामाचा कापूस बाजारात यायच्या तोंडावर. 19 ऑगस्टला सूट मिळाली ती आधी 30 सप्टेंबरपर्यंत होती, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे दसरा-दिवाळीची वेचणी त्यातच सापडली. भिंतीवर कॅलेंडर टांगलंत तरी मुद्दा पोचेल.

कांद्याचं उलटं आहे. तिथे माल बाहेर जाताना कापला जातो. समजा परदेशी गिऱ्हाईक बंदरावर क्विंटलला 3000 रुपये देतंय. 40 टक्क्यांनी शुल्क झालं 1200. उरलेल्या 1800 मधून गोणी, वाहतूक, वजनातली घट आणि स्वतःचा नफा वजा करून जे राहतं, तेवढीच बोली निर्यातदार व्यापारी लिलावात लावू शकतो. गिऱ्हाइकाला दुसऱ्या देशाचा कांदा मिळत असेल तर तो भाव वाढवून देत नाही, मग फटका मागे सरकत बांधापर्यंत येतो. आणि फक्त निर्यातीच्या कांद्याचा भाव पडत नाही. निर्यातदाराची बोली खाली आली की त्या दिवशी बाजार समितीच्या आवारात आलेल्या सगळ्या मालाचा भाव खाली येतो. म्हणून सुरी एका गोणीवर दाखवू नका, पूर्ण ढिगावर दाखवा.

काटापट्टी:
वरच्या प्रतिसादाला जोडून. शेतकऱ्याच्या हातात लिलावानंतर पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती येते: वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. शुल्क निर्यातदार भरतो, त्यामुळे पट्टीवर शुल्काचा रकाना कुठेच नसतो. माझ्या मते हेच तुमचं कांद्याचं चित्र आहे. पट्टी मोठी काढा आणि चौकटीबाहेरून आलेल्या हाताला 'भाव' या आकड्यावरच खोडरबर फिरवू द्या. भिंतही नको, रडका शेतकरीही नको. तो पट्टी उलटीसुलटी करून कुठे काय कापलं ते शोधतोय, एवढं पुरे.

तपशिलात हमखास होणाऱ्या चुका:
- लासलगाव-पिंपळगावकडे कांदा ट्रॉलीत सुटा येतो. गोण्या लादलेली बैलगाडी काढलीत तर नाशिककर पहिल्या नजरेतच चित्र बाजूला ठेवतील. सोलापूरला मात्र गोणीच.
- ऑगस्टमध्ये शेतकऱ्याकडचा कांदा कांदाचाळीत साठवलेला, उन्हाळी असतो. हिरव्या पातीचा ताजा कांदा दाखवू नका. चाळीतल्या मालाला रोज घट लागते, म्हणून 'भाव येईपर्यंत थांबा' हा सल्ला तिथे फार दिवस चालत नाही.
- शेतकरी कापूस विकतो, गाठ नाही. 170 किलोची गाठ सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात बांधली जाते. त्याच्या बाजूला सुटा कापूस, बंदराच्या बाजूला गाठी.
- शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाची, निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य डीजीएफटीचं (विदेश व्यापार महासंचालनालय), म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं. खुर्चीत कोण बसवताय ते आधी ठरवा.

जुने अंक:
अमेरिकेत हा विषय निदान 1880 च्या दशकापासून तरी रेखाटला जातोय. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी डिसेंबर 1887 चा वार्षिक संदेश जवळजवळ पूर्णपणे आयातशुल्कावर खर्च केला आणि 1888 ची निवडणूक त्याच मुद्द्यावर गाजली. 'पक' हे व्यंग-साप्ताहिक क्लीव्हलंड यांच्या बाजूचं, 'जज' हे विरोधी रिपब्लिकनांच्या. तिथला पेच असा की शेतकरी गहू-कापूस खुल्या जागतिक बाजारात विकायचा, पण विकत घेतलेल्या वस्तू शुल्कामुळे महाग. 2018 मध्ये उलटा वार बसला: 6 जुलैला चीनने अमेरिकी सोयाबीनवर 25 टक्के प्रतिशुल्क लावलं आणि त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर केली. या पार्श्वभूमीवर दोन हत्तींच्या झुंजीत चिरडलेलं गवत टाळा, वापरून वापरून गुळगुळीत झालंय.

शाईदौत:
छपाईचं बोलतो. दोन कॉलम साधारण 8 सेंटिमीटर धरा, मूळ चित्र 16 वर काढा. निम्मं झाल्यावर 0.3 मिलिमीटरची रेघ 0.15 होते आणि वर्तमानपत्री कागदावर तुटते, तेव्हा मूळ रेघ किमान 0.6 ची ठेवा. आडव्या-उभ्या रेघांची छटा दाट भरू नका. कागद शाई पसरवतो आणि कांद्याच्या ढिगाचा काळा गोळा होतो. ढिगात पुढचे आठ-दहा कांदे नीट काढा, मागचे नुसत्या बाह्यरेषेत.

पट्टीवरची अक्षरं छापील आकारात 9 पॉइंटच्या खाली गेली की अनुस्वार आणि मात्रा गायब. सगळे रकाने वाचता येण्याची गरज नाही. 'भाव' आणि 'निव्वळ' हे दोनच शब्द ठळक, बाकी आडव्या रेघोट्या. स्कॅन 1200 डीपीआय, शुद्ध काळं-पांढरं. ग्रेस्केलमध्ये पाठवलंत तर रेघांच्या कडा ठिपक्यांनी फाटतात.

रेघोटी:
पट्टीची कल्पना घेतो. पण कांद्यावरचं शुल्क आता नाही ना? मग चित्र शिळं वाटेल?

खळ्यावरचा:
सप्टेंबर 2024 मध्ये ते 20 टक्के केलं आणि 1 एप्रिल 2025 पासून काढलं. त्यामुळे चित्रात '40 टक्के' लिहायचं असेल तर पट्टीवर 2023 ची तारीख टाका. आकडा गाळलात तर तारीखही नको, पुढच्या वेळी शुल्क लागेल तेव्हाही तेच चित्र छापता येईल.