डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सोडून कुठला फँटसी आरपीजी, म्हणजे पात्र बनून फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, खेळावा?

निळा_फासा: आमच्या ग्रुपची डी अँड डीची पाचवी आवृत्ती मनसोक्त खेळून झाली. आता लढाया लांबत जातात आणि लेव्हल वाढली की पात्रं सहसा मरतच नाहीत. जादू, राक्षस, पडके किल्ले हवेतच, पण फासा टाकताना धाकधूक वाटली पाहिजे. नियम फार जड नकोत. आमच्यातल्या एकीला कामामुळे दर वेळी जमत नाही, तिला एकटीला खेळता येईल असंही सुचवा.

डोंगरवाट: डोळे झाकून ड्रॅगनबेन घ्या! मूळचा 1982चा स्वीडिश खेळ, 2023 साली फ्री लीग या प्रकाशकानं नव्या रूपात इंग्रजीत आणला. पात्राचं तिरंदाजीचं कौशल्य 12 असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा कमी पडायला हवेत. नेम चुकला तर फासा पुन्हा टाकता येतो, पण त्या बदल्यात पात्र दमतं, चिडतं किंवा घाबरतं. कशामुळे, ते खेळाडूनं सांगायचं. मग त्या अवस्थेशी जोडलेल्या कौशल्यांसाठी पुढे दोन फासे टाकून वाईट तो धरायचा. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त गोष्ट इथेच घडते.

आणि राक्षसांचा वार चुकत नाही. वाचायचं तर उडी मारून चुकवायचं, पण त्यात त्या फेरीतली तुमची चाल जाते. मारू की वाचू, हा प्रश्न दर फेरीला. धाकधूक हवी होती ना?

तांबडा_भोपळा: रुनक्वेस्टही बघा. 1978 पासूनचा खेळ. क्लास (योद्धा, जादूगार असे ठरावीक साचे) नाहीत, जे कौशल्य वापराल ते वाढतं. वार कुठल्या अवयवावर बसला हेसुद्धा फाशानं ठरतं, त्यामुळे चांगला योद्धाही एका घावात पाय गमावून बसतो. ग्लोरँथा हे या खेळाचं जग आणि तिथले देव मला अतिशय प्रिय आहेत, पण वाचन भरपूर आहे. पहिला पर्याय म्हणून नाही सुचवणार.

निळा_फासा: ड्रॅगनबेनच घेतो. मैत्रिणीसाठी काय?

डोंगरवाट: ड्रॅगनबेनच्या बॉक्समध्येच एकट्यानं खेळायची मोहीम आहे. त्याशिवाय तिला आयर्नस्वॉर्न द्या. शॉन टॉमकिननं बनवलेला, 2018चा. पीडीएफ अधिकृतरीत्या फुकट मिळते आणि गेम मास्टर (गोष्ट चालवणारा) लागत नाही. लोखंडाला हात लावून शपथ घ्यायची, ती पुरी करण्यासाठी बाहेर पडायचं. सहा बाजूंच्या फाशात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा आणि बेरीज दहा बाजूंच्या दोन फाशांशी ताडायची. दोन्हींपेक्षा जास्त आली तर फत्ते, एकाच फाशापेक्षा जास्त आली तर काम होतं पण काहीतरी मोजावं लागतं. शेजारी वही ठेवायला सांगा, लिहीत खेळलं की जास्त रंगतं.