मदत हवी आहे: जुन्या घराच्या पन्हळी बदलताना कोणता पर्याय निवडावा?

आमच्या जुन्या घराच्या जस्ती पत्र्याच्या पन्हळी सांध्यांपाशी गंजून गळू लागल्या असून वळचणीची लाकडी फळीही काही ठिकाणी मऊ पडली आहे. त्यामुळे आधी फळी बदलून मगच नव्या पन्हळी बसवायच्या, एवढे ठरले आहे. पीव्हीसी गंजत नाही, परंतु वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते ठिसूळ होते, तर ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावत असल्याने लांब, सलग पन्हळीत त्यासाठी जागा सोडावी लागते. (तांब्याचा विचार खिशाने केव्हाच सोडला.) छपराचा उतार तीव्र असल्याने पाणी वेगाने येते, अशा वेळी ५ इंचांऐवजी ६ इंची पन्हळ घ्यावी, की खाली उतरणारे पाइप वाढवावेत? ज्यांनी जुन्या वाशांवर क्लॅम्प बसवले आहेत, त्यांनी ते किती अंतरावर घेतले, हेही कृपया सांगावे.